आईच्या कमरेवर लुगड्याच्या गाठीखाली जखम, चार महिने झाले भरेना

गोदाकाठ (माजलगाव तालुका)
मंडळी, आई ६६ वर्षांची. लग्न झाल्यापासून लुगडंच, तेही परकराशिवाय. दिवसभर कापूस वेचायला वाकलं तरी सुटू नये म्हणून गाठ करकचून आवळायची सवय. कमरेभोवतीचा काळा पट्टा मी लहानपणापासून बघतोय. गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना असतो, त्यामुळं त्याचं कधी काही वाटलं नाही.

दिवाळीत म्हणाली, उजव्या बाजूला खाजवायलंय. मग तिथलं कातडं पांढुरकं झालं, पापुद्रे निघायले आणि संक्रांतीच्या सुमारास भेग पडून जखम झाली. आता रुपयाएवढी आहे, कडा उचललेल्या. लुगडं चिकटतं आणि सोडवताना रक्त येतं. गावातल्या डॉक्टरांनी नायटा सांगितला. तीन मलमं झाली. शुगर तपासली, ती बरोबर आहे. मुळात ती दाखवतच नव्हती. बहीण माहेरी आली तेव्हा तिनं बघितलं. आईचं एकच, "दुखत नाही तर कशाला गाड्या फिरवायच्या?"

बहिणीनं मोबाइलवर त्वचेच्या कॅन्सरचं वाचलं आणि रात्रभर रडली. मीही वाचलं, तर सगळीकडं गोरे लोक, तीळ आणि समुद्रकिनारा. आई काळीसावळी, आणि कमरेला तर जन्मात ऊन लागलं नाही. उगीच घाबरायलोय का?

तूरडाळ (परभणी)
हळद आणि साजूक तूप लावा, पंधरा दिवसांत फरक पडतो. आणि तपासायला म्हणून जखमेचा तुकडा काढू देऊ नका. सुई-कात्री लागली की कॅन्सर पसरतो, आमच्या भावकीत झालंय.

वॉर्डातली_ताई (अंबाजोगाई)
तूरडाळ काका, रागावू नका, पण तुकडा काढल्यामुळं हा कॅन्सर पसरत नाही. तुकडा काढायला येतात तेव्हाच तो पसरलेला असतो आणि नाव कात्रीचं होतं. मी सर्जरीच्या वॉर्डात २२ वर्षं काढली. हळदीनं पिवळ्या झालेल्या जखमा आधी धुवाव्या लागतात, मग कुठं कडा दिसते.

दादा, उगीच घाबरत नाही तुम्ही. आपल्याकडं ही गोष्ट जुनी आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातल्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच धोतराच्या घट्ट गाठीखाली होणारा कॅन्सर लिहून ठेवला होता. बायकांच्या कमरेवरच्याला डॉक्टर साडी कॅन्सर म्हणतात. २०२४ मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांनी अशाच दोघींची हकीकत छापली. त्यातली एक तुमच्या आईसारखीच, लुगडं परकराशिवाय, चाळीस वर्षं. तिच्या जांघेतल्या गाठीपर्यंत आजार पोचला होता.

यात उन्हाचा काही संबंध नाही. लुगड्याची गाठ रोज तिथंच घासते, घाम आणि धूळ तिथंच साचते. कातडं सोलवटतं, भरतं, परत सोलवटतं. वर्षानुवर्षं हीच दुरुस्ती चालली की कधीतरी पेशी बिघडतात आणि वाढतच सुटतात. भाजल्याच्या जुन्या वणावरही हेच होतं. स्टोव्हचा भडका उडून पंचवीस वर्षांपूर्वी भाजलेली बाई गुडघ्यामागं चिघळलेली जखम घेऊन आलेली मी पाहिली आहे. सावळ्या कातडीचं रंगद्रव्य उन्हापासून बरंच राखतं, पण घासण्यापासून नाही. ऊन जपायचंच असेल तर जन्मतः अंग आणि केस पांढरे असणाऱ्या लेकरांना जपा. त्यांना बाहीचे कपडे आणि टोपीशिवाय शेतात नेऊच नका.

आता तुमचं. महिनाभरात भरत नाही, कडा उचललेली, हात लागला की रक्त, हे ऐकल्यावर चौथं मलम आणू नका. दुखत नाही यावर तर अजिबात जाऊ नका, सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. सर्जनला दाखवा आणि "बायोप्सी करा" असं तोंडानं म्हणा. जागा बधिर करून कडेचा मुगाएवढा तुकडा घेतात, त्याच दिवशी घरी. जांघेत गाठी लागतात का तेही बघायला सांगा. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात तुकडा निघेल. पुढं लागलंच तर संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, महात्मा फुले योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन बसतं.

बाभूळकाटा (कळंब)
आमच्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या टाचेवर काळा डाग होता. काटा मोडून राहिला म्हणून न्हाव्याकडून दोनदा कोरून घेतला. निघाला मेलानोमा, म्हणजे कातडीच्या रंगाच्या पेशींचा कॅन्सर. सावळ्या माणसांत तो तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो हे बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात गेल्यावर कळलं. बॉब मार्ली नावाचा गायक १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला, त्याचाही पायाच्या नखाखालूनच सुरू झाला होता. दादांची टाच कापून मांडीचं कातडं लावलं. आता काठी घेऊन पारावर जातात आणि येईल त्याला चप्पल काढून तळवा दाखव म्हणतात. लोक हसतात, पण दाखवतात.

गोदाकाठ
अपडेट. रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे, स्क्वॅमस सेल नावाचा, कातडीच्या वरच्या थरातला. जांघेत गाठी नाहीत, सोनोग्राफीही स्वच्छ. भोवतालचं चांगलं कातडं थोडं धरून काढणार आहेत, मंगळवारी बोलावलंय. आईला आम्ही "वाईट जखम" एवढंच सांगितलं होतं. तिनं डॉक्टरांनाच सरळ विचारलं, "क्यान्सर का?" ते हो म्हणाले, तर म्हणाली, "मग काढा, पेरणीच्या आत बरी करा."

ताई, एक राहिलं. पुढं काय नेसवावं? गाऊन म्हटलं की ती उठून जाते. आणि मावशीच्या कमरेलाही तसाच पट्टा आहे.

वॉर्डातली_ताई
गाऊनचा हट्ट सोडा. आत सैल परकर द्या, त्याला दोरीच्या नाड्याऐवजी चार बोटं रुंद मऊ सुती पट्टी शिवून घ्या. गाठ आज उजवीकडं तर उद्या डावीकडं. रात्री सगळं ढिलं करायचं. मावशीचा पट्टा नुसता काळा आणि गुळगुळीत असेल तर एवढं पुरे. पांढरा पडला असेल, पापुद्रे निघत असतील, तर मंगळवारी त्यांनाही गाडीत घ्या. जागा असेलच.