घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकावे का? सल्ला हवा आहे (नागपूर)

त्रिमूर्तीनगरकर

नमस्कार मंडळी. आमचे घर दुमजली आहे. तळमजल्यावर इंटरनेट पुरवठादाराने बसवलेला फायबरचा डबा आहे आणि त्याला वायरने जोडलेला आमचा स्वतःचा टीपी-लिंक आर्चर सी६ राउटर आहे. जोडणी ४० एमबीपीएसची असून वर-खाली दोन्हीकडे तेवढाच वेग मिळतो. सौभाग्यवती घरून काम करतात आणि रोज संध्याकाळी त्यांची परदेशातील सहकाऱ्यांबरोबर बैठक असते. नेमक्या त्याच वेळी माझ्या किंवा मुलाच्या फोनमधील फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर चढू लागले, की त्यांचा आवाज समोरच्यांना तुटक ऐकू जातो. पुरवठादाराकडे दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा माणूस आला, त्याने वेगाची चाचणी घेऊन ३८ चा आकडा दाखवला आणि काम झाले असे सांगून तो गेला.

मी संगणक राउटरला वायरने जोडून पिंग (उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावून पाहिले. एरवी १४ मिलिसेकंदांत उत्तर येते. फोनने व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली, की तोच आकडा ४०० च्या पुढे जातो आणि व्हिडिओ पूर्ण होईपर्यंत खाली येत नाही. कार्यालयातील एका मित्राने राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्तस्रोत फर्मवेअर (राउटर चालवणारी आतील प्रणाली) टाकण्यास सुचवले. मला लिनक्सची जुजबी ओळख आहे, परंतु राउटरचे फर्मवेअर कधी बदललेले नाही. या फर्मवेअरने माझी अडचण खरोखर सुटेल का, माझा राउटर त्यासाठी चालेल का, आणि मध्येच काही बिघडले तर राउटर परत जिवंत करता येतो का, हे कृपया अनुभवी सदस्यांनी सांगावे. घरात सलग दोन दिवस इंटरनेट बंद ठेवणे आम्हाला परवडणारे नाही.

नंदनवन१०

दादा, फर्मवेअरला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. राउटर कुठे ठेवला आहे? आमच्याकडे तो वरच्या मजल्यावर, गच्चीच्या स्लॅबखालील लाकडी कपाटात होता आणि नवतप्याच्या दिवसांत दुपारी स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. आम्ही पंधरा दिवस सेटिंगमध्ये दोष शोधत राहिलो. शेवटी तो कपाटातून काढून खाली बैठकीच्या खोलीत, कूलरचा ओलावा पोहोचणार नाही अशा ठिकाणी भिंतीवर लावला आणि त्रास थांबला. दुसरे म्हणजे डबा आणि राउटर यांच्यामधील वायर बदलून पाहा, कारण त्या वायरीची एखादी जोडी तुटली असली तर कोणतेही फर्मवेअर उपयोगाचे नाही.

महालवाडा

नंदनवन१० यांचे म्हणणे योग्य आहे, परंतु धागाकर्त्यांनी पिंगचे जे आकडे दिले आहेत त्यांवरून या घरातील दोष उष्णतेचा किंवा वायरीचा वाटत नाही. जोडणी मोकळी असताना १४ आणि वरची दिशा भरली की ४०० हे बफरब्लोटचे लक्षण आहे. फोन जेव्हा पूर्ण वेगाने व्हिडिओ पाठवतो, तेव्हा बाहेर जाण्याच्या वाटेवरील उपकरणाचा बफर (पाठवायचा माल तात्पुरता ठेवण्याची जागा) भरतो आणि बैठकीतील आवाजाची लहान लहान पाकिटे (माहितीचे तुकडे) त्या व्हिडिओच्या मागे रांगेत उभी राहतात. वेगाच्या चाचणीत हे दिसत नाही, कारण ती चाचणी किती माल गेला ते मोजते आणि एखाद्या पाकिटाला किती थांबावे लागले याची विचारपूस करत नाही. म्हणून तुमच्याकडे आलेला माणूस खोटे बोलत नव्हता, त्याने फक्त भलतीच गोष्ट मोजली.

यावरचा उपाय लिनक्समध्ये बऱ्याच वर्षांपासून आहे. एफक्यू-कोडेल ही रांग लावण्याची पद्धत २०१२ मध्ये लिनक्स ३.५ मध्ये आली आणि तिची सुधारलेली आवृत्ती केक ही २०१८ मध्ये लिनक्स ४.१९ मध्ये आली. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एसक्यूएम नावाचे रांगा सांभाळणारे पॅकेज (जोड-सॉफ्टवेअर) टाकले की ही केक वापरता येते. तुम्ही राउटरला सांगायचे की प्रत्यक्ष वेगाच्या साधारण ९० टक्केच वापर. म्हणजे तुमच्या ३८ च्या जागी ३४ लिहायचे. मग रांग पुरवठादाराच्या डब्यात लागण्याऐवजी तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तिथे केक प्रत्येक उपकरणाला, प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट देते. चार एमबीपीएस सोडून द्यावे लागतात, हे पहिल्यांदा ऐकताना जिवावर येते, परंतु बैठक सुरळीत चालावी म्हणून दिलेली ती किंमत मला तरी फार कमी वाटते.

आता राउटरविषयी. केवळ "आर्चर सी६" एवढ्यावर कोणीही तुम्हाला हो किंवा नाही म्हणू शकणार नाही. राउटर उलटा करा आणि तळाच्या चिकटपट्टीवर नमुन्याच्या नावाशेजारी आवृत्तीचा आकडा शोधा. अक्षरे इतकी बारीक असतात की मोबाइलचा दिवा तिरपा धरल्याशिवाय ती नीट वाचता येत नाहीत, आणि राउटर भिंतीला चिकटून गरम राहिला असेल तर शाई पुसटही झालेली असते. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण कंपन्या बाहेरचे कवच तेच ठेवून आतील चिप बदलतात. आर्चर सी६ च्या आवृत्ती २ मध्ये क्वालकॉमची चिप आहे, तर आवृत्ती ३ मध्ये मीडियाटेकची. एकीची फाइल दुसरीत चालणार नाही. आवृत्ती २ मध्येसुद्धा अमेरिकेसाठीची प्रत वेगळी असून तिची फाइलही वेगळी आहे. टीएल-डब्ल्यूआर८४१एन हा आपल्याकडे घरोघरी दिसणारा जुना राउटर, परंतु त्याच्या बहुतेक आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवण्याची जागा) आणि ३२ एमबी रॅमच आहे. तेवढ्या जागेसाठी ओपनडब्ल्यूआरटीने १९.०७ या मालिकेनंतर अधिकृत फाइली देणे थांबवले. आज किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम लागते, आणि एसक्यूएमसारखी पॅकेजेस टाकायची तर १६ आणि १२८ हवेत असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या राउटरमध्ये ब्रॉडकॉमची वायफाय चिप आहे तो या कामासाठी मुळीच घेऊ नये, कारण तिच्यासाठी चांगला मुक्त ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) नाही आणि बहुतेक वेळा वायफायच धड चालत नाही.

बिघाडाच्या भीतीविषयी माझाच अनुभव सांगतो. माझ्याकडे आर्चर सी७ होता. जूनमधील एका संध्याकाळी मी फर्मवेअर चढवत असताना वादळ आले आणि वीज गेली. वीज परत आली तेव्हा राउटरचा फक्त एक दिवा लागत होता आणि संगणकाला काहीच उत्तर मिळत नव्हते. सुदैवाने या राउटरच्या बूटलोडरमध्ये (सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) टीएफटीपीची, म्हणजे संगणकावरून फाइल ओढून घेण्याची सोय आहे. मी संगणकाला १९२.१६८.०.६६ हा पत्ता दिला, फाइलचे नाव बूटलोडर मागतो तसे बदलले, टीएफटीपी सर्व्हर सुरू केला आणि रीसेटचे बटण दाबून धरून राउटरला वीज दिली. पहिल्या दोन प्रयत्नांत काही झाले नाही, कारण मी बटण फार लवकर सोडत होतो. तिसऱ्या वेळी पडद्यावर फाइल गेल्याची ओळ उमटली आणि पाच मिनिटांत राउटर पूर्ववत झाला. त्या दिवसापासून मी राउटर आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर असल्याशिवाय हे काम करत नाही. मात्र प्रत्येक नमुन्याची सोय वेगळी असते. काहींत बूटलोडर स्वतःचे छोटे पान ब्राउझरमध्ये उघडून देतो, काहींत टीएफटीपी असते, तर काहींत कवच उघडून सीरियल वायर जोडावी लागते. ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरील तुमच्या नमुन्याच्या पानावर ही कृती वाचा आणि ती कागदावर छापून घ्या, कारण गरज पडेल तेव्हा तुमच्याकडे इंटरनेट नसेल. त्याचबरोबर कंपनीचे मूळ फर्मवेअरही आधीच उतरवून ठेवा. मूळ फर्मवेअरकडे परत जाताना फाइलच्या नावात "बूट" हा शब्द असेल तर ती तशीच टाकू नका, त्याने बूटलोडरच पुसला जाऊ शकतो.

मनीषनगर

मी कार्यालयात नेटवर्कचेच काम पाहते, त्यामुळे वरील प्रतिसादात थोडी भर घालते. पुरवठादाराने दिलेल्या फायबरच्या डब्यावर कोणतेही फर्मवेअर टाकण्याचा विचारही करू नका. तो त्यांच्या मालकीचा असतो, त्यांच्या यंत्रणेशी ओळख पटवण्याची माहिती त्यातच असते आणि ती गेली तर जोडणीच बंद पडते. तुमचा स्वतःचा राउटर वेगळा आहे हे उत्तमच आहे.

ओपनडब्ल्यूआरटी टाकल्यावर नवखे लोक हमखास अडकतात ती जागा म्हणजे पत्ता. ओपनडब्ल्यूआरटी स्वतःसाठी १९२.१६८.१.१ हा पत्ता घेते, आणि अनेक फायबरच्या डब्यांचा पत्ताही हाच असतो. मग राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच जाळे तयार होते, इंटरनेट येत नाही आणि माणसाला वाटते की फर्मवेअर बिघडले. डब्याची वायर काढून ठेवा, संगणक लॅन (घरातील जाळ्याच्या) पोर्टला जोडा, आत शिरून लॅनचा पत्ता १९२.१६८.१०.१ असा काही करा आणि मगच डब्याची वायर परत लावा. सुरुवातीला रूट (मुख्य) वापरकर्त्याला पासवर्ड नसतो, तो सर्वांत आधी ठेवा. वायफायही मुद्दाम बंद ठेवलेले असते, ते घाबरून न जाता सुरू करा आणि देशाच्या जागी भारत निवडा. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झमधील बरेच पट्टे २०१८ मध्ये परवानामुक्त झाले आहेत, परंतु देश निवडला नाही तर राउटर त्यांतील काही वाहिन्या वापरू देत नाही.

फाइल दोन प्रकारची असते. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना फॅक्टरी नावाची फाइल लागते आणि पुढच्या अद्ययावतीकरणासाठी सिसअपग्रेड नावाची. फाइल उतरवल्यावर तिची शा-२५६ बेरीज (फाइल बिनचूक उतरली का ते दाखवणारा आकडा) संकेतस्थळावरील बेरजेशी ताडून पाहा. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा त्यासाठी पुरते. हे दोन मिनिटांचे काम अनेक जण टाळतात आणि अर्धवट उतरलेली फाइल राउटरवर चढवतात.

माझ्या मते या फर्मवेअरचा सर्वांत मोठा लाभ सुरक्षेचा आहे. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर या दुष्ट प्रणालीने ५४ देशांतील किमान पाच लाख राउटर आणि साठवण उपकरणे ताब्यात घेतल्याचे उघड झाले. त्यांत घरगुती आणि लहान कार्यालयांतील राउटरच मोठ्या संख्येने होते. कंपन्या काही वर्षांनी जुन्या नमुन्यांकडे लक्ष देणे थांबवतात, तर ओपनडब्ल्यूआरटीमध्ये दहा वर्षे जुन्या राउटरलाही दुरुस्त्या मिळत राहतात. अर्थात, दर काही महिन्यांनी ते अद्ययावत करण्याची जबाबदारी तुमची असते. ती घ्यायची नसेल तर हे काम करू नये, असे मी मनापासून सांगेन.

त्रिमूर्तीनगरकर

सर्वांचे आभार. चिकटपट्टी वाचली, आवृत्ती ३.० आहे. वायर बदलून पाहिली, फरक पडला नाही. राउटर बैठकीच्या खोलीतच आहे, त्यामुळे उष्णतेचा प्रश्न वाटत नाही. शेजारी ओपनडब्ल्यूआरटी वन या राउटरविषयीही सांगत होते. ते घ्यावे का?

महालवाडा

आवृत्ती ३ असेल तर नवीन काही घेऊ नका. तिच्यात मीडियाटेकची एमटी७६२१ चिप, १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम आहे. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर केक चालवायला ती पुरेशी आहे. उद्या ३०० किंवा ५०० ची जोडणी घेतलीत तर मात्र तिचा प्रोसेसर दमेल, कारण एसक्यूएम सुरू असताना हार्डवेअर ऑफलोडिंगचा (प्रोसेसरचे काम चिपच्या वेगळ्या भागाकडे सोपवण्याचा) उपयोग होत नाही आणि प्रत्येक पाकीट प्रोसेसरलाच हाताळावे लागते. ओपनडब्ल्यूआरटी वन हे यंत्र नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने स्वतः आणले आणि बिघाडातून सावरण्यासाठी त्यात वेगळी नॉर फ्लॅश ठेवली आहे, ही गोष्ट मला अतिशय आवडली. परंतु त्याला लॅनचा एकच पोर्ट आहे, ते परदेशातून मागवावे लागते आणि वायरलेस उपकरण म्हणून सीमाशुल्कात अडकण्याची शक्यता असते. तुम्हाला दोन दिवस इंटरनेट बंद ठेवायचे नाही ना, मग दुसरा एखादा साधा राउटर मित्राकडून उसना आणून ठेवा आणि रविवारी सकाळी काम करा.

त्रिमूर्तीनगरकर

मंडळी, काम झाले. रविवारी सकाळी सात वाजता बसलो. उसना राउटर शेजारी तयार होता आणि संगणक व राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर होते. फॅक्टरी फाइलची बेरीज जुळल्यावर ती राउटरमधील कंपनीच्याच सेटिंगच्या पानावरून चढवली. साडेतीन मिनिटे दिवे लुकलुकत होते, तेवढा वेळ मुलाला मी कशालाही हात लावू दिला नाही. मनीषनगर ताई, तुम्ही सांगितले नसते तर मी पत्त्यावर नक्कीच अडकलो असतो. आमच्या डब्याचा पत्ता अगदी तोच निघाला.

एसक्यूएममध्ये दोन्ही दिशांना आधी ३४ ठेवले. बैठकीच्या वेळी मुद्दाम दोन्ही फोनवरून व्हिडिओ वर चढवायला लावले आणि पिंग पाहत बसलो. आकडा १८ ते २६ च्या दरम्यान राहिला. नंतर ३६ करून पाहिले, तेव्हा अधूनमधून ६० पर्यंत जाऊ लागला, म्हणून परत ३४ वर आणले. वरच्या मजल्यावरील मागच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचे वायफाय पूर्वीसारखेच क्षीण आहे, त्यात काही बदल झालेला नाही. तिथे खालून वायर ओढून दुसरा जुना राउटर लावायचा विचार आहे. तोही डब्ल्यूआर८४१एनच निघाला, त्यामुळे त्याच्यावर कंपनीचेच फर्मवेअर ठेवून, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करून तो केवळ वायफायसाठी वापरला तर चालेल ना?

मनीषनगर

चालेल. वायर त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टला न लावता लॅन पोर्टला लावा, आणि डीएचसीपी बंद करण्याआधी त्याला १९२.१६८.१०.२ असा मोकळा पत्ता देऊन ठेवा, म्हणजे नंतर त्याच्या सेटिंगमध्ये शिरता येईल.