पोस्टकार्डावर हाताला लागेल ते तिकीट चिकटवणं हा आळस आहे का?

निळीशाई

माझं उत्तर आधीच सांगून टाकते: हो, आळसच. आणि छंद म्हणून कार्डं पाठवणाऱ्याने तरी तो करू नये.

बिलं, नोटिसा यांची गोष्ट वेगळी, तिथे तिकीट म्हणजे निव्वळ भाडं. पण आपण हौसेने एखाद्या अनोळखी माणसाला कार्ड पाठवतो तेव्हा त्याच्या हाती तीनच गोष्टी पडतात: चित्र, आपलं अक्षर आणि तिकीट. चित्रासाठी आपण रॅकसमोर ताटकळत उभे राहतो, कुठल्या पेनाची शाई पसरत नाही यावर तावातावाने बोलतो, आणि तिकिटाच्या वेळी मात्र खिडकीतून जे सरकवलं जाईल ते घेऊन येतो. तिकिटाऐवजी यंत्रातून निघालेलं, दर छापलेलं पांढरं लेबल मिळालं तर तेही निमूटपणे डकवतो.

२००५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेल्या पोस्टक्रॉसिंग या संकेतस्थळावर जगभरचे लोक अनोळखी माणसांना कार्डं पाठवतात. तिथे लोकांनी स्वतःबद्दल लिहिलेलं वाचून बघा. 'जमलं तर छान तिकिटं लावा' ही विनंती पुन्हा पुन्हा भेटते. लेबल लावा असं कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

मी उलट्या क्रमाने जाते. आधी तिकिटं घेते, मग त्यांना शोभतील अशी कार्डं. नवी स्मारक तिकिटं (एखाद्या निमित्ताने काढलेली) निघाली की टपाल कार्यालयातल्या फिलाटेली, म्हणजे संग्राहकांसाठीच्या, काउंटरवरून थोडी जास्तीच उचलते आणि जोडीला कमी किमतीची सुटी तिकिटं ठेवते, म्हणजे दर वाढला तरी जुनी वाया जात नाहीत. आणि घुबडाच्या कार्डावर घुबडाचंच तिकीट लावायचं हे मला फार बाळबोध वाटतं. दीपगृहाच्या कार्डावर समुद्रपक्षी लावा, घुबडाच्या कार्डावर चंद्र लावा. घेणाऱ्याला थोडं डोकं चालवू द्या की.

तिरकस

आळस काय त्यात? १ ऑक्टोबर १८६९ ला ऑस्ट्रिया-हंगेरीत जगातलं पहिलं अधिकृत पोस्टकार्ड विक्रीला आलं, तेव्हा तिकीट त्याच्यावर छापलेलंच होतं. निवडीचा प्रश्नच नव्हता. चार ओळी लिहा, पेटीत टाका, विषय संपला. पोस्टकार्ड जन्माला आलं ते या सुटसुटीतपणासाठी. त्याला तुम्ही प्रदर्शनाची फ्रेम करायला निघालात.

जर्मनीत २०२० च्या अखेरीपासून मोबाइलवर आलेला कोड पेनाने कोपऱ्यात लिहिला तरी कार्ड जातं. तिकीट नाही, गोंद नाही. तो माणूस आळशी? त्याने कदाचित वाचलेला वेळ मजकुरावर घालवला असेल. सुंदर तिकिटांची रांग आणि खाली 'तुमचा दिवस आनंदात जावो' एवढीच ओळ असलेली कार्डं मला भरपूर आलीत. तिकिटं पाच आणि वाक्य एक!

गोंदण

तिरकसराव, शेवटच्या वाक्याला कडकडून +१. बाकी असहमत.

पाकीटबंद

दोघांचंही अर्धं अर्धं पटतं, पण यंत्राचा विचार कुणीच केलेला दिसत नाही.

छाननी केंद्रातलं यंत्र तिकीट शोधतं ते बऱ्याच देशांत चित्रावरून नाही, तर तिकिटाच्या कागदात किंवा छपाईत मिसळलेल्या चमकणाऱ्या द्रव्यावरून. ब्रिटनने असे फॉस्फरचे पट्टे १९५९ मध्येच सुरू केले. कार्ड सुलटं आहे की उलटं, शिक्का कुठे मारायचा, हे यंत्र त्या चमकेवरून ठरवतं. म्हणून तिकीट पत्त्याच्या बाजूला, वरच्या उजव्या कोपऱ्यातच हवं. हौसेने डावीकडे खाली लावलं, किंवा चमक नसलेली फार जुनी तिकिटं लावली, तर कार्ड यंत्रातून बाहेर फेकलं जाऊन माणसाच्या हाती जाऊ शकतं. कधी त्यात उशीर होतो, कधी उलट फायदा होतो, कारण हाताने मारलेला शिक्का बहुतेकदा जास्त नीट उमटतो.

दुसरं, उजवी अर्धी बाजू पत्त्यासाठी असते. पाच तिकिटं लावायची तर ती डावीकडे मजकुरात घुसतात किंवा पत्त्यावर चढतात. पहिल्यात तिरकस म्हणतात ते होतं, दुसऱ्यात कार्डच पोचत नाही. मोठ्या आकाराचं स्मारक तिकीट घेताना आधी रिकाम्या कार्डावर ठेवून बघावं, एवढंच म्हणतो. आणि वरून सेलोटेप लावू नका. टेपवर शिक्क्याची शाई धरत नाही, आणि शिक्का चुकवायचा प्रयत्न आहे असंही समजलं जातं.

निळीशाई

पाकीटबंद, तुमचा मुद्दा मान्यच आहे, निवडायचं म्हणजे कोंबायचं असं मी कुठे म्हटलं? पूर्ण दराचं एकच देखणं तिकीट मिळत असेल तर माझी पहिली पसंती त्यालाच. बिनकिमतीची, म्हणजे किमतीचा आकडा न छापलेली, तिकिटं यासाठी फार सोयीची. अमेरिकेत २००७ पासून 'फॉरएव्हर' तिकीट आहे, २०१३ पासून परदेशी टपालासाठीही. ब्रिटनमध्ये १९८९ पासून आकड्याऐवजी टपालाचा वर्ग छापलेली तिकिटं मिळतात. दर वाढला तरी जोडतिकीट शोधायला नको, आणि कार्डावर लिहायला जागा राहते ती वेगळीच.

तिरकस, एका वाक्याचं कार्ड ही तिकिटाची चूक नाही. तो माणूस लेबल लावूनही एकच वाक्य लिहिणार.

चिल्लरखुर्दा

बिनकिमतीची तिकिटं दरवाढीच्या आदल्या दिवशी गठ्ठ्याने घेऊन ठेवणं हा काही जणांचा स्वतंत्र छंद झालाय. त्यांना ब्रिटनचा किस्सा सांगतो. तिथे राणीच्या चेहऱ्याच्या रोजच्या तिकिटांवर २०२२ पासून बारकोड आला, आणि बारकोड नसलेली जुनी ३१ जुलै २०२३ नंतर चालेनाशी झाली. बदलून मिळतात, पण फॉर्म भरा, पाठवा, वाट बघा. गंमत म्हणजे चित्रांची विशेष तिकिटं बारकोड नसूनही चालू राहिली. म्हणजे शाईताईंसारखी हौशी मंडळी वाचली आणि 'साधं तिकीट बरं' म्हणणारे अडकले. तिरकसराव, घ्या.

एकूणच जुना साठा घेताना त्या देशाचा नियम बघावा. जर्मनीने मार्क आणि फेनिगची तिकिटं जून २००२ अखेर बाद केली. अमेरिकेत १८६१ नंतरची बहुतेक तिकिटं आजही कार्डावर लावता येतात. त्यामुळे तिकडचे लोक संग्राहकांनी विकायला काढलेली जुनी कोरी तिकिटं छापील किमतीपेक्षा कमीत घेतात आणि छोट्या छोट्या किमतींची आठ-दहा जोडून लावतात. पाकीटबंद वैतागतील, पण मला असं कार्ड आलं की मी ते दिवसभर टेबलावर ठेवतो.

तिरकस

चिल्लर, बारकोडचा टोला बसला, पण निष्कर्ष उलटा काढलात. धडा एवढाच की साठा करू नये. लागतील तेवढी घ्यावीत.

आणि स्वस्तात घेण्याचं तुम्ही फार सहज लिहिलंत. जी तिकिटं टपालखातं आजही पूर्ण किमतीला विकतंय, तीच ऑनलाइन कुणीतरी नवीकोरी, गुंडाळ्याच्या गुंडाळ्या अर्ध्या किमतीत देतो, ती कुठून येतात? बहुतेकदा बनावट असतात. ती पकडली गेली तर कार्ड अडतं, किंवा दंड घेणाऱ्याच्या माथी पडतो. त्याला चार पैसे भरून तुमचं सुंदर तिकीट सोडवून घ्यावं लागतं. सौंदर्यदृष्टी म्हणे.

चिल्लरखुर्दा

बरोबर, पण ती वेगळी गोष्ट आहे. चालू गुंडाळ्यांवर घसघशीत सूट दिसली की पळावं. जुन्या, विक्रीतून केव्हाच गेलेल्या तिकिटांचं तसं नाही. ती स्वस्त असतात कारण लोकांनी एकेकाळी गुंतवणूक म्हणून पूर्ण पानंच्या पानं घेऊन ठेवली आणि भाव काही वाढला नाही. लाखांनी छापलेल्या तिकिटाचा भाव कशाला वाढेल? वारसदार आता गठ्ठे विकतात. त्यांचा तोटा, आपला फायदा.

सप्तरंगी

मी तिकिटं जमवते, पाठवते कमी, तरी बोलते. तिकीट निवडताना ते खरोखर टपालासाठी निघालंय का, हे बघत जा. काही देशांच्या नावाने एजन्स्या असे संच काढतात की त्यातलं एकही तिकीट त्या देशातल्या खिडकीवर कुणी बघितलेलं नसतं. त्या देशाशी काडीचा संबंध नसलेले नट, फुटबॉलपटू, मांजरी. निव्वळ संग्राहकांच्या खिशासाठी. जागतिक टपाल संघाने २००२ पासून अधिकृत तिकिटांना क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली, पण सगळे देश आपली तिकिटं त्यात नोंदवत नाहीत. त्यामुळे यादीत नाही म्हणून खोटंच, असंही म्हणता येत नाही.

म्हणून कार्डावरचं साधं, रोजच्या वापरातलं तिकीटही मला आवडतं. ते त्या देशात लोक खरंच चाटून लावतात (आता चाटतंय कोण म्हणा, सगळं स्टिकर झालंय). तुमच्याकडचं साधं तिकीट दुसऱ्या देशातल्या माणसाने कधी पाहिलेलंच नसतं. नव्या फुलपाखरापेक्षा तो झेंडा किंवा तो रोजचा चेहरा मला जास्त हवा असतो. लेबल मात्र नको.

तिरकस

सप्तरंगीताई माझ्या बाजूने आल्या, असं नोंदवून घ्यावं.

सप्तरंगी

नोंदवू नका. मला साधं तिकीट हवंय ते मी निवडलं म्हणून. तुम्हाला ते चालतं कारण तुम्ही बघतच नाही.

गोंदण

स्टिकरचा विषय निघालाच आहे तर. १९६४ मध्ये सिएरा लिओनने मागे चिकट थर असलेली तिकिटं काढली, तेव्हा बऱ्याच संग्राहकांनी नाकं मुरडली होती. आता मात्र चकचकीत कार्डावर ओल्या गोंदाचं तिकीट लावून बघा, कोपरे उचलतात. कार्ड गुळगुळीत असेल तर स्टिकरच घ्या. गोंदाचंच लावायचं असेल तर पाणी कमी आणि दाब जास्त, वर पुस्तक ठेवून वाळू द्या. तिकीट वाटेत गळून पडलं की तुमची सगळी कलाकुसर गेली, आणि लेबलवाला जिंकला.

उंबरठ्यावर

नवखा प्रश्न. फिरायला गेल्यावर तिथल्याच दुकानात कार्डासोबत तिकीट घ्यावं का? तिथे निवडीला वावच नसतो.

पाकीटबंद

घ्या, पण तिकीट कुणाचं आहे ते वाचून. युरोपातल्या काही पर्यटनस्थळी दुकानदार खासगी टपाल कंपनीची रंगीत तिकिटं विकतात. ती दिसतात झकास, पण त्या कंपनीच्याच पेटीत टाकावी लागतात, सरकारी पेटीत टाकली तर कार्ड अडकून पडतं. तिकिटावर देशाचं नाव रोमन लिपीत आहे का बघा. त्याला अपवाद एकट्या ब्रिटनचा, जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट १८४० मध्ये त्यांनीच काढलं, म्हणून नावाऐवजी राजाराणीचं मस्तक चालतं. आणि संयुक्त राष्ट्रांची तिकिटं फार देखणी असतात, मोह होतो, पण न्यूयॉर्कची न्यूयॉर्कच्याच कार्यालयातून, जिनिव्हाची जिनिव्हातून आणि व्हिएन्नाची व्हिएन्नातूनच चालतात. बॅगेत घेऊन घरी आलात तर फक्त अल्बममध्ये लावायची.

निळीशाई

उंबरठ्यावर, मी अशा वेळी दुकान सोडून मुख्य टपाल कार्यालय गाठते. 'परदेशी पोस्टकार्डाच्या दराची, चित्रांची कुठली कुठली आहेत?' एवढं विचारलं की पुष्कळदा खणातून दोन-चार पानं बाहेर येतात. विचारलं नाही तर लेबल मिळतं. तिरकसांना ते चालतं, मला नाही.

तिरकस

आणि तुमच्यामागे रांगेत मी उभा असतो. शाईताई, पानं जरा लवकर उलटा.