वन अवर वन लाइफ: 24 जन्म झाले, गावाला अजून कवडीचा उपयोग नाही. काय चुकतंय?

पुन्हा_उपाशी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दोन आठवडे झाले हा खेळ सुरू करून. एकूण 24 जन्म. त्यातले बरेचसे पाच वर्षांच्या आतच आटोपले, सगळ्यात लांबचा 31 वर्षांचा, आणि तोही अस्वलाच्या गुहेत 'आत काय आहे बघू' म्हणून डोकावल्यामुळे संपला.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जेसन रोहररचा 2018 साली आलेला खेळ. एक मिनिट म्हणजे एक वर्ष. साठ मिनिटं जगलात तर म्हातारे होऊन मरता, संपलं. जन्म होतो तो दुसऱ्या कुठल्यातरी खऱ्या खेळाडूच्या पोटी. ती आई दूध पाजेल तर जगायचं, नाहीतर राम म्हणायचं. आधीच्या पिढ्यांनी जे उभं केलं असेल, विहीर, शेत, भट्टी, ते तुमच्या हाती येतं, आणि तुमच्या मागे जे उरेल ते पुढच्यांच्या.

मी अभ्यास केला हो. धारदार दगड कसा करायचा, वेताची टोपली, मिल्कवीडपासून दोरी, दोरीपासून धनुकली आणि धनुकलीने विस्तव, सगळं पाठ आहे. रानात एकटा सोडलात तर मी दहा मिनिटांत चूल पेटवतो. पण जन्म होतो भरल्या गावात. तिथे चूल आधीच पेटलेली असते, दहा जण इकडून तिकडे पळत असतात, कुणी कुणाशी बोलत नाही, आणि मी मध्ये उभा. नव्या शाळेत पहिल्या दिवशी उभं राहावं तसा.

परवाचा प्रसंग सांगतो, त्यासाठीच हा धागा. वय 9. शेताच्या कडेला गाजराची एक ओळ तयार दिसली. बाकी सगळं शेत रिकामं. मी म्हटलं चला, काहीतरी काम करू. सगळी गाजरं उपटली, एक खाल्लं, उरलेली टोपलीत नीट भरून चुलीपाशी ठेवली. इतका खूश होतो! तेवढ्यात एक म्हातारी धावत आली, रिकामी ओळ बघितली, एकच शब्द टाइप केला, 'सीड', आणि तिथेच वयाने मेली.

ती ओळ बियाण्यासाठी ठेवली होती हे मला नंतर विकीवर कळलं. गाजर उपटलं नाही तर ते फुलावर जातं आणि मग बी मिळतं. गावातली ती शेवटची ओळ होती.

तर प्रश्न असा की आणखी काय काय पाठ करू?

---

चुलीपाशी

'तू' म्हणते हं, राग मानू नकोस. या खेळात मी बहुतेक वेळा कुणाची तरी आई असते, सवय लागली आहे.

पाठ काहीही करू नकोस. तुझं घोडं पाठांतरात अडलेलंच नाही. ती म्हातारी दोन मिनिटं आधी मेली असती तर तुला कोण सांगणार होतं? तिने ओळ राखली, पण कुणाला सांगून ठेवलं नाही. चूक तुझी निम्मी, तिची निम्मी.

आधी पोटाचं बघू, कारण पाच वर्षांच्या आत इतक्यांदा मरणं हे गावाचं नाही, तुझं काम आहे. तीन वर्षांचा होईपर्यंत तुला हातात काही धरताच येत नाही, तोवर आईच्या नजरेआड जायचं नाही. भूक लागली की 'एफ' टाइप कर, बाळाला तेव्हा जेमतेम अक्षर-दोन अक्षरं बोलता येतात आणि 'एफ' म्हणजे फूड हे सगळ्यांना कळतं. तीन झाले की पहिलं काम बेरीचं झुडूप गाठणं. इथे नवे लोक हमखास एक गंमत करतात: समोर 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) दिसतो म्हणून तोच खातात. लहानपणी पोटाची पट्टी (पोट किती भरलंय ते पडद्यावर दाखवते ती) एवढीशी असते. मोठा पदार्थ खाल्लास तर चार घास पोटात आणि बाकीचे वाया. मूल असताना बेरी, तरुणपणी पाय, आणि म्हातारपणी पट्टी पुन्हा आखडते तेव्हा परत बेरी. पट्टीत जागा झाल्याशिवाय तर तोंड लावूच नको. अंगावर कपडे असले की भूक हळू लागते, म्हणून सशाच्या कातड्याचं काही पडलेलं दिसलं तर आधी अंगात चढव. उघड्या पोराला गावाचं जास्त अन्न लागतं, एवढं सरळ गणित आहे.

आता गावाचं. बोलता यायला लागलं की आईला एकच विचार: 'जॉब?' बस्स. ती म्हणेल 'बेरी' किंवा 'शीप' किंवा 'वॉटर'. जे म्हणेल ते जन्मभर कर. हो, जन्मभर! पाणी घालायला सांगितलं तर साठ वर्षं पाणी घाल. पहिले काही जन्म कंटाळा येईल, पण एकाच ठिकाणी थांबलास की आजूबाजूचं आपोआप दिसायला लागतं. ही ओळ कुणी उपटत नाही, का बरं? ही वाटी दर वेळी इथेच का ठेवतात? ते विकीवर मिळत नाही.

आणि वाटी. अरे, वाटीवरून मी किती गावं भांडताना पाहिली आहेत! एक जण बेरी गोळा करायला वाटी घेतो, बेरी खातो, वाटी असेल तिथे टाकतो. मागे लोहार पाण्याच्या वाटीसाठी अर्धं गाव पालथं घालतो. वस्तू जिथून उचललीस तिथेच ठेव. हातोडी, कानस, फावडं यांना हात लावून गावाबाहेर तर जाऊच नको. तू ससा बघायला गेलास आणि लांडग्याने गाठलं, तर पुढच्या दोन पिढ्या त्या एका फावड्यासाठी रान धुंडाळतात.

एकदा माझी एक मुलगी होती. नाव ठेवलं, 'तू अमुक' म्हटलं, आणि ती काही बोललीच नाही. मी विचार केला, पोर मुकं निघालं. तिने आयुष्यभर फक्त एक काम केलं: टोपलीतून माती आणायची आणि सुकलेल्या बेरीच्या झुडपांना घालायची. मी 60 ला गेले तेव्हा ती 38 ची होती आणि तिच्या मागे दोन पोरं टोपल्या घेऊन चालत होती. तिने त्यांनाही काही सांगितलं नव्हतं. नुसती पुढे चालत होती.

---

खाणवाला

चुलीपाशी ताईंचं सगळं मान्य, एक सोडून. 'जे सांगतील ते जन्मभर' हा सल्ला धोक्याचा आहे. सांगणारा स्वतः नवखा असतो, निम्म्या वेळा. मी अशी गावं पाहिली आहेत जिथे पंधरा जण बेरीला पाणी घालतायत आणि विहीर कोरडी पडत आलेली कुणाच्याच लक्षात नाही. पाणी घालणं हे काम नव्हेच. पाणी आणणं हे काम.

गावाचा जीव पाण्यात असतो. सुरुवातीला तळी. तळ्यातलं शेवटचं पाणी उपसलंत की तळं आटतं, म्हणून थोडं सोडायचं असतं, आणि हेही कुणी सांगत नाही. मग विहीर, मग खोल विहीर, मग न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन, मग डिझेल. दर पायरीला लोखंड लागतं, आणि ते राखाडी भागात, म्हणजे जिथे लांडगे आणि धागाकर्त्यांचे ते अस्वल राहतात. ज्या पिढीत पुढची पायरी चढायला कुणी नसतं, त्या पिढीत गाव संपतं. बेरी कितीही असोत.

त्यामुळे नवख्याने एक करावं: जन्मल्यावर पाच वर्षांचा होईपर्यंत आईच्या कडेवरून गाव बघून घ्यावं. विहीर कुठली आहे, मेंढ्या कुंपणात आहेत का, मातीचा ढीग आहे का. मातीशिवाय शेत नाही. माती संपली की कंपोस्ट, त्याला मेंढीचं शेण, गव्हाचा पेंढा आणि बेरी-गाजराचं कालवण लागतं. म्हणजे गाजर गेलं की कालवण गेलं, कालवण गेलं की मेंढ्यांना खायला नाही, शेण नाही, माती नाही. तुम्ही एक ओळ उपटलीत हे एवढ्यावर थांबत नाही. (टोचण लावत नाही, नुसती साखळी सांगतो.)

भट्टीच्या वाटेला जाऊ नका. लोखंड वाया घालवलेल्या माणसाला शाप मिळतो. हा खरा शाप, गमतीचा नव्हे. नाव घेऊन 'कर्स' टाइप केलं की पुढे काही काळ तुम्ही त्या माणसाच्या जवळपास जन्म घेत नाही.

---

चुलीपाशी

खाणवाले, पंधरा जण बेरीला पाणी घालत होते तर त्यांच्यातल्या एकाला तुम्ही 'वेल' (well, विहीर) म्हणून हाक का नाही मारली? भट्टीपाशी मान खाली घालून लोखंड ठोकत होता ना?

---

खाणवाला

हो. तेच करत होतो. 😅

---

नववी_पोर

कुणीच एक सांगितलं नाही म्हणून लिहिते. पाच वर्षांच्या आतले सगळे मृत्यू तुमची चूक नसतात. बाई 14 ते 40 या वयात कधीही बाळंत होते, विचारत नाही खेळ. हातात काम, पोटाची पट्टी तळाला, आणि वर तिसरं मूल. काही आया बाळ खाली ठेवून निघून जातात. मीही गेले आहे. गावापासून लांब, एकटी, अन्न नाही, अशा वेळी दोघांनी मरण्यापेक्षा एकाने. मुलगा असेल तर जास्त लोक सोडतात, कारण वंश मुलींकडून चालतो.

---

चुलीपाशी

मुलगा म्हणून सोडणं मला कधीच पटलं नाही. मूल होणार नाही म्हणजे त्याचे दोन्ही हात 60 वर्षं मोकळे. माझे सगळ्यात चांगले मेंढपाळ मुलगेच होते.

---

पुन्हा_उपाशी (धागाकर्ता)

चार दिवसांनी परत आलो. मधल्या काळात आणखी नऊ जन्म.

पहिले सहा सांगण्यासारखे नाहीत. एकदा तापाचा डास, एकदा साप. एकदा मी आईला 'जॉब?' विचारलं तर ती म्हणाली 'आय न्यू टू', म्हणजे तीही नवीच. मग आम्ही दोघं मिळून विहिरीपाशी जाऊन उभे राहिलो. कुणीतरी येऊन दोघांनाही टोपल्या दिल्या. त्या जन्मात 44 पर्यंत पोचलो, विक्रम!

पण कालचा नववा. मुलगी. आईने सांगितलं 'कॅरट'. मी हसलोच. गाजराचं काम आणि मला! शेवटची ओळ सोडायची, बी धरेपर्यंत थांबायचं, बी काढून वाटीत, वाटी दगडाशेजारी. खाणवाल्यांचं ऐकून दर दहा वर्षांनी विहिरीकडे एक चक्कर मारत होतो. 30 च्या आसपास पाणी कमी दिसलं म्हणून लोहाराला जाऊन 'वेल' म्हटलं. त्याने मान वर केली नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा त्याच्या आणि ऐरणीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. तेव्हा 'ओके' म्हणाला. विहीर खोल झाली. मी फक्त मध्ये उभा राहिलो होतो, तरी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की इथे माझं काहीतरी आहे.

चार मुलं झाली. दोन जगली. मोठीला गाजराचं सगळं सांगितलं, एका वेळी दोन-तीन शब्द, कारण हातात टोपली असताना लांब वाक्य टाइप करत बसलं की तेवढ्यात भूक लागते. ती शिकली. मग तिलाही मूल झालं.

59 व्या वर्षी शेतापाशी उभा होतो. शेवटची ओळ सोडलेली. तिचा मुलगा, सहा वर्षांचा, थेट त्या ओळीकडे. हात गाजरावर. मला टाइप करायला एक मिनिटही नव्हतं. जे सुचलं ते लिहिलं आणि मेलो.

खेळाच्या वेबसाइटवर वंशावळ दिसते, त्यात प्रत्येकाचं वय, कशाने मेला आणि शेवटचे शब्द असतात. माझ्या नावापुढे आता कायमचं कोरलंय: 'नॉट दॅट कॅरट'.

---

नववी_पोर

😂😂 मग? ऐकलं का त्याने?

---

पुन्हा_उपाशी (धागाकर्ता)

वंशावळीत गाजराची नोंद येत नाही. पण नातू सातव्या वर्षी भुकेने गेलेला दिसतोय.

म्हणजे ऐकलं असावं.