मदत हवी आहे : मानेवर करंट देऊन हाताची तपासणी

माझा धाकटा भाऊ (फोंडा) दीड वर्षापूर्वी माडावरून पडला. मानेत सी६ला (मज्जारज्जूच्या मानेतल्या सहाव्या पातळीला) इजा, अपूर्ण, म्हणजे मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही. मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात, त्यातच चमचा अडकवून पेज खातो. कोपर मात्र जोर लावून सरळ होत नाही.

मानेच्या कातडीवर इलेक्ट्रोड लावून मज्जारज्जूला करंट देतात आणि दंड, मनगट, बोटांच्या स्नायूंत प्रतिसाद किती उमटतो ते ईएमजीवर (स्नायूंतली विजेची हालचाल नोंदणाऱ्या चाचणीत) मोजतात, असं वाचलं. डोळ्यांना न दिसणारी शिल्लक जोडणी त्यात कळते म्हणे. असाच मानेवरून करंट देणारं, २०२४च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झालेलं यंत्र उपचाराचं. मला तपासणी हवीय.

बांबोळी (गोव्याचं सरकारी इस्पितळ), बेळगाव, पुणे, कुठे कुणी केलीय का? मानेत प्लेट असली तर चालतं? आई रोज विचारते, म्हणून लिहितेय.