आपल्याच देशात जातायत ना?

तिरसट: कालच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलंय, "पाकिस्तानने अफगाण्यांना काढलं तर रडायचं काय, आपल्याच देशात जातायत ना?" आपल्याच? पेशावरात जन्मलेल्या पोराने काबूल आजीच्या तोंडून ऐकलेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये फर्मान आलं, कागद नसतील तर १ नोव्हेंबरपर्यंत नीघ. तिथल्या १९५१ च्या कायद्यात जन्माने नागरिकत्व आहे, पण यांच्यापुरतं ते कागदावरच.

पानिपतकर: कळवळा छान. मला मात्र १७६१ आठवतं.

तिरसट: अब्दालीची उधारी दिल्लीतल्या लाजपत नगरच्या अफगाण नानवाल्याकडून वसूल करणार? आमच्या वरच्या मजल्यावर असाच एक विद्यार्थी होता. १५ ऑगस्ट २०२१ ला सकाळी सोसायटीत जिलबी वाटली, संध्याकाळी काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर हा जिन्यात बसून घरी फोन लावतोय. लागतच नव्हता.

शुद्धलेखनवाला: 'अफगाणी' हे चलन. माणूस अफगाण.

काथ्याकूट: अर्धवट ज्ञान! 'अफगाण' म्हणजे मुळात पश्तून, आपले पठाण. तिथल्या हजारा, ताजिक जमातींतले कितीतरी जण स्वतःला 'अफगाणिस्तानी' म्हणवतात. २०१८ मध्ये नव्या ओळखपत्रावर, तजकिऱ्यावर, 'अफगाण' शब्द छापण्यावरून रान पेटलं होतं. १८९० च्या दशकात तिथल्या अमीर अब्दुर रहमानने हजारा लोकांची कत्तल केली, ती ते कशी विसरतील?

शुद्धलेखनवाला: मी मराठी व्याकरणाबद्दल बोलतोय.

काथ्याकूट: मग व्याकरणाच्या धाग्यावर जा की!

तिरसट: भांडा निवांत. वरचा पोरगा हजारा होता. मी लाडाने 'काय पठाण' म्हटलं, तर दोन दिवस बोलला नाही. चूक माझीच.

दिल्लीकर_मावशी: टिळक नगरात माझ्या शेजारी अफगाणिस्तानातल्या जलालाबादच्या शीख आजी आहेत. तिकडे पोरं ओरडायची, हिंदुस्तानात जा. इकडे गुरुद्वारात सगळे 'काबुली' म्हणतात. त्यांचा मुलगा २०२१ नंतर आला, म्हणजे सीएएच्या, नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या, ३१ डिसेंबर २०१४ च्या रेषेपलीकडे राहिला. आई आत, मुलगा बाहेर.

पानिपतकर: शिखांचं वेगळं.

तिरसट: आणि बलुचिस्तानातल्या डेरा बुगटीचे मराठे? अडीचशे वर्षांनीही स्वतःला मराठा म्हणवतात म्हणून ऊर भरून व्हिडिओ तुम्हीच टाकलात ना? त्यांना नाही सांगितलंत, आता बलुच व्हा?

पानिपतकर: ते कैदी म्हणून गेले होते!

दिल्लीकर_मावशी: आणि हे सहलीला?

पानिपतकर: बरं बाई. अफगाण, अफगाणिस्तानी, काबुली... मी आपलं 'वरच्या मजल्यावरचा' म्हणतो. अब्दालीला सोडणार नाही.