क्लायंटशी व्हिडिओ कॉल: करारापूर्वी बोलावे का, आणि बोलायचे तर कशी तयारी करावी?

कृष्णाकाठ (कऱ्हाड)

नमस्कार. मी कऱ्हाड येथे राहते आणि पॅकेजिंग व लेबल डिझाइनचे काम करते. सुरुवातीची काही वर्षे सांगली आणि कोल्हापूर भागातील मसाले, पापड, लोणची तयार करणाऱ्या लहान उद्योगांची कामे केली. गेल्या दीड वर्षापासून अपवर्क या ऑनलाइन कामे मिळवून देणाऱ्या प्लॅटफॉर्मवर परदेशी क्लायंटची कामेही घेते. आतापर्यंतची अकराही कामे मी निव्वळ लेखी संदेशांवर पूर्ण केली आहेत. लिहिताना विचार करायला अवधी मिळतो, वाक्य दोनदा तपासता येते आणि काय ठरले ते दोघांच्याही समोर राहते, म्हणून कॉलची वेळच येऊ नये अशी माझी आजवर धडपड होती.

आता मात्र कॅलिफोर्नियातील एका लहान साबण उद्योगाकडून सहा खोक्यांच्या डिझाइनचे काम मिळण्याची शक्यता आहे. माझे प्रपोजल त्यांना आवडले आहे, परंतु करार करण्यापूर्वी अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बोलावे, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांनी पुढच्या मंगळवारी त्यांच्याकडील सकाळी साडेनऊची, म्हणजे आपल्याकडील रात्री दहाची वेळ सुचवली आहे. संदेशाच्या शेवटी स्वतःचा व्हॉट्सअॅप क्रमांक देऊन ‘तेथे बोलणे मला सोपे जाईल’ असेही लिहिले आहे.

व्हॉट्सअॅपवर बोलणे नियमांत बसते का, हे मला ठाऊक नाही. त्याहून मोठी काळजी भाषेची आहे. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. इंग्रजी वाचता-लिहिता येते, पण समोरचा भरभर बोलू लागला की अर्धे वाक्य हातून निसटते आणि पुन्हा विचारायला संकोच वाटतो. शिवाय घर दोन खोल्यांचे, रात्री दहाला सगळी माणसे घरात, आणि परतीच्या पावसाचे दिवस असल्याने विजेचाही भरवसा नाही. कॉलला नकार दिला तर काम हातचे जाईल का? आणि बोलायचेच असेल तर तयारी नेमकी कशाची करावी? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे, ही विनंती.

रात्रपाळी (पुणे)

ताई, मी नऊ वर्षे वेबसाइट बांधणीची कामे करतो आहे आणि माझे बहुतेक क्लायंट अमेरिकेत असल्याने संध्याकाळनंतरचे कॉल हा माझ्या कामाचाच भाग झाला आहे. आधी व्हॉट्सअॅपविषयी. करार सुरू होईपर्यंत प्लॅटफॉर्मबाहेर संपर्क साधण्यास अपवर्कच्या नियमांनुसार मनाई आहे आणि ती क्लायंटला जितकी लागू आहे तितकीच आपल्यालाही. करार सुरू झाल्यावर इतरत्र बोलायला हरकत नसते. पैसे मात्र प्लॅटफॉर्ममार्फतच घ्यावे लागतात आणि हे बंधन त्या क्लायंटशी ओळख झाल्यापासून दोन वर्षे राहते. नवख्या क्लायंटला हे नियम माहीत नसणे शक्य आहे, त्यामुळे लगेच संशय घेऊ नका. ‘संदेशांच्या पानावरच व्हिडिओ कॉलची सोय आहे, आपण तेथेच भेटू’ एवढे नम्रपणे लिहा. मला आजवर एकाही खऱ्या क्लायंटने त्यावर हरकत घेतलेली नाही.

या बाबतीत मी आग्रही का आहे, तेही सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका क्लायंटने मला दुसऱ्या अॅपवर नेले. तेथे तासभर चर्चा होऊन आठ पाने वाढवायचे ठरले आणि मी ती केलीही. पैसे मागितले तेव्हा ‘असे काही ठरलेच नव्हते’ असे उत्तर आले. माझ्यापाशी दाखवायला एकही ओळ नव्हती. तीन आठवड्यांची मेहनत बुडाली. तेव्हापासून कॉल संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत ‘आज आपले असे असे ठरले, काही चुकले असल्यास कळवावे’ असा संदेश मी प्लॅटफॉर्मवरच पाठवतो आणि तो पाठवल्याशिवाय जागेवरून उठत नाही. वाद झालाच तर हा मजकूरच उपयोगी पडतो. कॉलमध्ये दिलेला शब्द कोणालाही दाखवता येत नाही.

कॉलचे रेकॉर्डिंग करून ठेवावे, असे तुमच्या मनात येईल. न विचारता तसे अजिबात करू नका. कॅलिफोर्नियात गोपनीय संभाषण त्यातील सर्वांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणे हा गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी हे कळल्यावर विश्वास उरत नाही.

विजेचा आणि इंटरनेटचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. फक्त आवाजाच्या कॉलला सेकंदाला शंभर किलोबिटच्या आसपास वेग पुरतो. दोघांच्या साध्या व्हिडिओ कॉलला साधारण सहाशे किलोबिट लागतात, आणि तेवढा वेग अपलोडचाही हवा. आपण नेहमी डाउनलोडचा आकडा पाहतो आणि तिथेच फसतो. राउटरला लहानसा बारा व्होल्टचा बॅकअप लावून घ्या, कारण वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो, बंद पडतो तो राउटर. मोबाइलचे हॉटस्पॉट आधी एकदा जोडून पाहा. ब्लूटूथ हेडफोनपेक्षा तारेचा साधा इअरफोन बरा: ब्लूटूथचा माइक सुरू झाला की बऱ्याच उपकरणांत आवाजाचा दर्जा उतरतो, तुम्हाला ऐकू येणारा आणि तुमचा त्यांना जाणारा, असा दोन्ही बाजूंनी. ज्यांना आधीच परका उच्चार समजून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा ठरतो. व्हिडिओ अडखळू लागला तर ‘आवाज स्पष्ट राहावा म्हणून कॅमेरा बंद करते’ असे सांगून तो बंद करावा. त्यात गैर काही नाही.

आणखी एक सावधगिरी. कॉलवर कोणी एनीडेस्कसारखे अॅप उतरवून संगणकाचा ताबा मागितला, अनामत रक्कम भरायला सांगितली किंवा ओटीपी विचारला, तर कॉल तेथेच बंद करा आणि प्लॅटफॉर्मकडे तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा. स्वतःची स्क्रीन दाखवताना पूर्ण स्क्रीन न दाखवता फक्त डिझाइनची खिडकी दाखवावी, म्हणजे दुसऱ्या क्लायंटच्या फाइल चुकून उघड्या पडत नाहीत.

पैलतीर (एडिसन, न्यू जर्सी)

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. येथे माझा लहानसा व्यवसाय आहे आणि डिझाइनची व हिशेबाची कामे मी फ्रीलान्सरकडून करून घेतो. करारापूर्वी मीही कॉल मागतो, आणि तो कशासाठी मागतो हे कळले तर तुमची बरीचशी भीती कमी होईल, असे वाटते.

प्रपोजल लिहिणारी व्यक्ती आणि प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती एकच आहे का, हे मला पाहायचे असते. एकाच्या नावाचे खाते दुसराच वापरतो, किंवा काम घेऊन परस्पर तिसऱ्याला देतो, असे प्रकार होतात, आणि पाच मिनिटे कामाविषयी बोलले की ते सहसा उघड होते. पोर्टफोलिओतील एका डिझाइनवर बोट ठेवून ‘हा रंग का निवडला?’ असे मी विचारतो. ज्याने ते काम केलेले असते तो तुटक इंग्रजीतही उत्तर देतो, कारण ते उत्तर त्याला शोधावे लागत नाही. त्यानंतर मी पाहतो ते समोरची व्यक्ती मला प्रश्न विचारते का. सगळ्याला ‘येस, येस’ म्हणणाऱ्याची मला धास्ती वाटते. आपल्याकडे मोठ्यांसमोर उलट विचारू नये, असे वळण लागलेले असते आणि ते मलाही होते. पण येथे न विचारणाऱ्याला काम समजलेले नाही, असाच अर्थ काढला जातो.

त्यामुळे ‘पुन्हा सांगाल का?’ हे विचारायला मुळीच संकोचू नका. इंग्रजीची परीक्षा घ्यायला मी बसलेलो नसतो. मला माझी खोकी वेळेवर आणि बरोबर मापाची हवी असतात.

मापावरून आठवले. साबणाच्या खोक्याची मापे ते इंचात सांगतील आणि तुम्ही मिलिमीटरमध्ये काम करत असाल. इंचाचे 25.4 मिलिमीटर होतात हे आपल्याला पाठ असते, पण ‘तीन आणि पाच अष्टमांश’ असे बोलता बोलता सांगितलेले माप कागदावर चुकीचे उतरते. कॉल चालू असतानाच कोणतेही माप चॅटमध्ये टंकून ‘हेच ना?’ असे विचारून घ्या. डायलाइन, म्हणजे खोके कोठे कापायचे आणि कोठे दुमडायचे हे दाखवणारा रेषांचा आराखडा, त्यांच्या छापखान्याकडून मिळणार की तुम्ही तयार करायची, हेही त्याच वेळी विचारा. ज्याला हा प्रश्न सुचतो त्याला खोक्याचे काम कळते, हे समोरच्याला लगेच उमगते. तारखांचेही तेच आहे. येथे महिना आधी लिहितात, म्हणून 5/6 म्हणजे सहा मे. महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे.

नकाराविषयी विचारले आहे तर मोकळेपणाने सांगतो: दोन चांगल्या प्रपोजलपैकी एकाने कॉल नाकारला, तर मी दुसऱ्याला काम देतो.

अक्षरजुळारी (नाशिक)

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. मी फक्त भाषेविषयी लिहिते, कारण याच भीतीपायी मी दोन वर्षे कॉल टाळले आणि त्यात चांगली कामे गमावली. मी उपशीर्षकांचे भाषांतर करते, म्हणजे दिवसभर इंग्रजी ऐकणे हाच माझा व्यवसाय आहे, आणि तरीही पहिल्या कॉलच्या वेळी माझे तळहात घामेजले होते. ऐकणे आणि उत्तर देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा समजले.

माझ्या उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. कॉलच्या आदल्या दिवशी क्लायंटला चार-पाच प्रश्न लेखी पाठवावेत आणि ‘आपण याच क्रमाने बोलू’ असे सुचवावे. त्यामुळे पुढचा विषय कोणता हे आधीच ठाऊक असते, आणि विषय माहीत असला की निसटलेले शब्दही अंदाजाने भरून काढता येतात. दोन-तीन वाक्ये मात्र तोंडपाठ करून ठेवावीत. ‘लेट मी रिपीट व्हॉट आय अंडरस्टूड’ हे वाक्य मला शंभर वेळा तारून गेले आहे, कारण ते म्हटल्यावर आपण आपल्या गतीने, आपल्या शब्दांत बोलतो आणि चूक असेल तर समोरचा दुरुस्त करतो. न कळल्यास ‘सॉरी’ एवढेच म्हणून थांबू नये, कारण मग समोरचा तेच वाक्य तितक्याच वेगाने पुन्हा म्हणतो. ‘कागदाविषयी काय म्हणालात?’ असे नेमके विचारावे.

उच्चार बदलण्याच्या फंदात पडू नका. अमेरिकन उच्चार ओढूनताणून आणला की आपले लक्ष कामावरून उडते. फक्त गती कमी करा आणि आकडे फोडून सांगा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतील घोळामुळे एका कॉलवर माझ्या मोबदल्याचा आकडाच चुकीचा ऐकला गेला होता. तेव्हापासून मी ‘वन-फाइव्ह’ असे म्हणते आणि चॅटमध्ये लिहितेही.

कॅमेऱ्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. इंटरनेट चांगले असेल तर पहिली पाच मिनिटे तरी तो सुरू ठेवाच. समोरच्याचे ओठ आणि चेहरा दिसला की न कळलेले शब्दही कळू लागतात, म्हणजे व्हिडिओ आपल्याच सोयीचा असतो. घर लहान असल्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. पाठीमागे कोरी भिंत आणि चेहऱ्यावर समोरून उजेड एवढे पुरते. मी घरच्यांना वेळ आधी सांगून ठेवते आणि माझ्या सासूबाई त्या अर्ध्या तासापुरता टीव्हीचा आवाज आपणहून बंद करतात. सुनेचे काम चालू आहे, हे त्यांना आता माझ्यापेक्षाही जास्त महत्त्वाचे वाटते.

कृष्णाकाठ (कऱ्हाड)

सर्वांचे मनापासून आभार. मंगळवारी कॉल झाला. व्हॉट्सअॅपऐवजी प्लॅटफॉर्मवर बोलण्याची विनंती त्यांनी लगेच मान्य केली. ठरलेल्या अर्ध्या तासाऐवजी चाळीस मिनिटे बोलणे झाले. पहिली काही मिनिटे मला कठीण गेली आणि दोनदा पुन्हा सांगायला सांगावे लागले. पण डायलाइनचा प्रश्न विचारल्यावर त्या बाईंनी जुने खोकेच कॅमेऱ्यासमोर धरून उलगडून दाखवले, आणि त्याची चिकटपट्टी चुकीच्या बाजूला असल्याचे मला तेथेच दिसले. त्यांना ते कोणी सांगितलेच नव्हते. त्यानंतर आम्ही भाषेचा विचार न करता खोक्याविषयी बोलत राहिलो. कॉलनंतर ठरलेल्या गोष्टी लिहून पाठवल्या. त्यांनी त्यात कागदाच्या जाडीची एक दुरुस्ती केली.

सहापैकी एका खोक्याचे काम त्यांनी आधी देऊ केले आहे आणि ते तासाच्या दराने आहे. दर मंगळवारी याच वेळी कॉल करावा, असे त्यांनी सुचवले आहे. कॉलचा वेळ कामाच्या तासांत धरता येतो का?

रात्रपाळी (पुणे)

वाचून फार आनंद झाला. कॉलचा वेळ धरता येतो, परंतु ‘कॉलही कामाच्या तासांत मोजले जातील’ हे क्लायंटकडून आधी संदेशात लिहून घ्या. अपवर्कचा ट्रॅकर, म्हणजे कामाचे तास नोंदवणारे अॅप, दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एकदा स्क्रीनचे चित्र घेतो आणि कीबोर्ड-माउसची हालचाल मोजतो. आपण नुसते बोलत असलो तर ती हालचाल जवळजवळ शून्य दिसते. मी कॉल चालू असताना उघड्या फाइलमध्ये टिपणे टंकत राहतो. त्यामुळे नोंद खरी राहते आणि नंतर पाठवायचा मजकूरही आयता तयार होतो. वेळ हाताने भरण्याची सोय क्लायंटने दिली असली, तरी त्या तासांना प्लॅटफॉर्मचे पैशाचे संरक्षण मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

एक मात्र आताच पाहून घ्या. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, म्हणजे त्यांची सकाळची साडेनऊ त्यानंतर आपल्याकडे रात्रीचे अकरा होईल आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तशीच राहील. अकरा तुम्हाला जड जाणार असतील तर त्यांना आधीची, सकाळी साडेआठची वेळ आजच विचारा.