कोल्हापूरच्या चित्रांतली माणसं कुठं गेली?

मूळ धागा: दुधाळीकर

दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात चक्कर मारली की निम्म्या भिंतींवर तेच दिसतं. पंचगंगेचा घाट, संध्यामठ, वाड्याचा दिंडी दरवाजा, तिरप्या उन्हातली गल्ली. हात अव्वल, त्याबद्दल वादच नाही. जलरंगात कोल्हापूरचा हात ओळखू येतो. पण या चित्रांत आजचा दिवस नाही. रंकाळा तलावावर केंदाळ (जलपर्णी) नाही, गल्लीत गाड्या नाहीत, केबलच्या वायरी नाहीत, आणि सगळ्यात खटकतं ते म्हणजे कट्ट्यावर बसलेलं माणूस नाही.

चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून कोल्हापूरला परतले आणि रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगा रंगवत राहिले. १९३१ ला ते गेले. त्यांनी रंगवलं ते त्यांच्या डोळ्यांसमोरचं गाव. आपण अजून त्यांच्याच डोळ्यांसमोरचं गाव रंगवतोय. याला मी आठवण म्हणणार नाही. आठवणीत काहीतरी टोचतं, ही चित्रं फक्त सुखावतात.

बाहेर काय चाललंय बघा. चित्रकर्ती झरीना हाश्मी १९३७ साली अलिगढला जन्मल्या, पुढं आईवडील पाकिस्तानात गेले आणि त्या स्वतः देशोदेशी राहिल्या. वडिलांच्या घराचं चित्र म्हणून त्यांनी काय केलं, तर घराचा नकाशा छापला. नुसत्या रेघा आणि खोल्या. उन्हाची तिरीप नाही, कौलं नाहीत. तो बघताना आपण आपल्याच घरात मनानं चालायला लागतो. चित्रकार जितीश कल्लाट यांचं 'एपिलॉग' हे काम घ्या. वडील बासष्ट वर्षं जगले, तेवढ्या काळातले २२,८८९ चंद्र त्यांनी फोटोंत मांडले, आणि प्रत्येक चंद्र म्हणजे कमी-जास्त खाल्लेली चपाती. एका माणसाचं आयुष्य किती ताटांत मावलं, हे त्यातून कळतं. वडिलांचा चेहरा कुठंच नाही, तरी बघणाऱ्याला स्वतःचे वडील आठवतात.

आपल्याकडं असं का होत नाही? हा प्रश्न मनापासून विचारतोय.

प्रतिसाद: रंगपेटी

साफ असहमत. मी गेली कित्येक वर्षं लँडस्केपला बसतो, म्हणून बोलतो.

सकाळी घाटावर बसलं की दीपमाळेची सावली पायऱ्यांवर पडते आणि अर्ध्या तासात सरकते. तेवढ्यात पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, टाकायचा, कागद ओला असतानाच पाण्याचा रंग सोडायचा. पाणी वाळलं की संपलं, दुरुस्ती नाही. अशा वेळी गाडी घालायची की नाही हा वैचारिक प्रश्न नसतो. डोळा उजेडामागं धावत असतो. तुम्ही ज्याला 'आज नाही' म्हणता तो उजेड त्याच सकाळचा असतो. उद्या तो मिळत नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही नकाशा आणि चपात्यांचं कौतुक करताय, करा. पण ती कामं कळायला शेजारचा मजकूर वाचावा लागतो. माझं चित्र बघून घाटावर धुणं धुतलेली म्हातारी थांबली आणि म्हणाली, "ह्या तिसऱ्या पायरीला तडा होता बघा." तडा मी काढला होता. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आणि आम्ही रंगवले त्यातले कितीतरी वाडे पडले. तिथं आता अपार्टमेंट आहेत. वाड्याचा पुरावा कुठं असेल तर तो आमच्या कागदावर. याला सजावट म्हणू नका.

प्रतिसाद: जोशीलकरांची सून नाही, मुलगी

रंगपेटी, त्या वाड्यांबद्दलच बोलायचंय. तुम्ही दरवाजा बाहेरून रंगवता. आत कोण होतं? स्वयंपाकघरात धुरात बसलेली बाई चित्रात कधी येत नाही. आणि कितीतरी जणांना त्या चौकात पाऊल टाकायचीही मुभा नव्हती. त्यांना त्या दिंडी दरवाजाकडं बघून हुरहूर कशी वाटेल? त्यांची आठवण दाराबाहेर थांबवलेल्याची आहे.

हे शाहू महाराजांचं गाव. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखीव ठेवणारं. दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला, हे इथल्या पोरापोराला ठाऊक आहे. वाड्यांच्या शेकडो फ्रेमा निघाल्या, त्या हॉटेलच्या किती निघाल्या? कपबशी, बाकडं, आत येणारी माणसं. चित्राला यापेक्षा अधिक काय लागतं?

स्मरणरंजनात मला हाच धोका दिसतो. ज्याच्याकडं फ्रेम घ्यायला पैसे आहेत त्याचा भूतकाळ भिंतीवर लागतो.

प्रतिसाद: बापट कॅम्प

मी चित्रकार न्हाई, कुंभार हाय. वाचत होतो, राहवलं न्हाई म्हणून लिवतोय.

२०१९ च्या पुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३. गणपती तोंडावर, मूर्ती तयार, रंगकाम चाललेलं. पाणी आलं तवा आधी माणसं काढली. परत आलो तर शाडूच्या मूर्तीची बोटं विरघळलेली, सोंड गेलेली, पाट मात्र जागच्या जागी. २०२१ ला पुन्हा तेच, ५६ च्या वर. भिंतीवर दोन्ही पुरांच्या रेघा हायत. दोनदा चुना मारला तरी वर येत्यात.

दुधाळीकर, तुमचं म्हणणं पटतं, पर एक इचारतो. ते विरघळलेलं कुणी दालनात मांडलं तर बघायला कोण येणार? आमी? आमाला ते रोज दिसतंय. मला इचाराल तर माझ्या घरात रंगपेटींचाच घाट लावीन, पाणी पायरीखाली असलेला. त्यात काय वाईट हाय?

प्रतिसाद: दुधाळीकर

काहीच वाईट नाही. तुम्ही पायरीखालचं पाणी लावता ते दोन्ही रेघा ठाऊक असून. तो घाट तुमच्यासाठी आठवणच आहे. माझा आक्षेप, ज्याला त्या रेघा ठाऊकच नाहीत अशा माणसापर्यंत तोच घाट 'शांत, सुंदर कोल्हापूर' म्हणून जातो, त्याला आहे.

प्रतिसाद: पडद्यामागचा

धागा चित्रांचा आहे, पण केशवराव भोसले नाट्यगृहाशिवाय तो पुरा होणार नाही. १९१५ चं पॅलेस थिएटर म्हणजे हेच, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती. त्या रात्री रस्त्यावर रडणाऱ्यांत असेही लोक होते ज्यांनी तिथं एकही नाटक केलेलं नाही.

लगेच एकच मागणी झाली, होतं तसंच बांधा. मीही त्यातच होतो. रंगमंचाची उंची, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तो गुण, सगळं हवं. इथं 'जसंच्या तसं' म्हणणं दुबळेपणा नाही, गरज आहे. नटाला उभं राहायला जागा लागते, संकल्पना नव्हे.

प्रतिसाद: दुधाळीकर

नाट्यगृह बांधायलाच हवं. फक्त एक जळकी तुळई आत कुठंतरी दिसेल अशी ठेवावी. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणाला आगीची खबरही नसेल. रेचल व्हाइटरीड या शिल्पकर्तीनं १९९३ साली लंडनमध्ये पाडल्या जाणाऱ्या चाळवजा घरांतलं शेवटचं घर घेतलं, आत काँक्रीट भरलं आणि बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. घरातली पोकळीच घट्ट होऊन उभी राहिली. चुलीचे कोनाडे, दारांचे ठसे, सगळं उलटं. १९९४ च्या जानेवारीत ते पाडलंही. त्याची चर्चा आजही होते, कारण त्यानं घर परत आणल्याचा आव आणला नाही. घर गेलं, एवढंच दाखवलं.

शाहू मिल या कापडगिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून आहे. बाबूराव पेंटरांच्या मूकपटांची बहुतेक रिळं उरलेली नाहीत, पण कथा ऐकलेली माणसं आहेत. ही माणसं असेपर्यंतच हे काम होईल, म्हणून घाई वाटते.

प्रतिसाद: रंगपेटी

तुमची घाई पटते, पण चित्रकाराला विषय नेमून देऊ नका. आवाजावर काम करायचं त्यांनी भोंग्यावर करावं, मी पाण्यावर करतो. काँक्रीटचं घर मला थंड वाटतं, हे सांगायला लाजत नाही.

जोशीलकर ताईंचा मुद्दा मात्र सोडवत नाही. या हंगामापासून प्रत्येक चित्रामागं तारीख, गल्ली, वाडा कुणाचा, आत कोण राहत होतं आणि कुणाला आत येऊ देत नव्हते, हे विचारून लिहीन. समोर माणसं घालणार नाही. ते माझं काम नाही, आणि मला ते जमतही नाही.

प्रतिसाद: जोशीलकरांची सून नाही, मुलगी

मागं लिहिलेलं भिंतीकडं तोंड करून राहणार. पुढं लिहा.